पिकल्या पानांचे देणे

अल् खुवैर हा मस्कत शहराचा गजबजलेला भाग. सरकारी कचेऱ्या, दुकाने आणि भाड्याच्या घरांतून राहणारी आपली भारतीय कुटुंबे. तेथे मुक्कामास असताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. आपल्या लोकांत म्हातारी माणसे फारच थोडी! परक्या माणसाचा राहण्याचा परवाना बहुधा नोकरीला जोडलेला असतो. नोकरी संपली की गाव गाठायचे. आजी-आजोबा येतात ते पाहुणे म्हणून, आणि मुदत भरली की परततात.

अशाच एक नगरकडच्या ख्रिस्ती आजी शेजारी आल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, दृष्टी मंदावलेली. येथे सुटी शुक्रवारी, म्हणून मोठी उपासनाही शुक्रवारी. घरची मंडळी जवळच्या घाला भागातील चर्चला जाऊन आली की आजी नातीला शेजारी बसवीत व तोंडपाठ असलेली मराठी स्तोत्रे एकेक ओळ करून शिकवीत. नातीची शाळा इंग्रजी. तिला मराठी वाचता येत नव्हते, आजींना वाचायला दिसत नव्हते. तरी काम चालू होते. आजींच्या परतीला आठच दिवस उरले होते.

हे पाहून आमच्या मनात आले, म्हातारपण म्हणजे केवळ काहीतरी गमावणे नव्हे. ख्रिस्ती धर्मग्रंथात लूकच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. बाळ येशूला मंदिरात आणले, तेव्हा त्याला ओळखले ते दोन वृद्धांनी, शिमोनाने आणि ८४ वर्षांच्या विधवा हन्नेने. त्या बाळाचे पुढचे कार्य पाहण्याइतके आयुष्य त्यांच्यापाशी उरले नव्हते. तरीही शिमोन समाधानाने निरोप घ्यायला तयार झाला. आपल्याला दिसणार नाही अशा फळासाठी आनंदाने झाड लावणे, हाच श्रद्धेत पिकलेल्या वयाचा मोठा आशीर्वाद होय.

आपल्या महाराष्ट्रात याची दोन ठळक उदाहरणे आहेत. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी केडगावच्या मुक्ती सदनात उतारवयात बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. साध्या बायाबापड्यांना कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. कानांनी ऐकू येईनासे झाले, १९२१ साली एकुलती मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. भाषांतर पुरे करून त्यांनी डोळे मिटले. संपूर्ण ग्रंथ छापून निघाला तो त्यांच्यामागून.

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचेही तसेच. पती रेव्हरंड टिळक १९१९ साली वारले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे होते. लहानपणी शाळेचे तोंडही न पाहिलेल्या या बाईंनी त्यात साठाहून अधिक अध्यायांची भर घातली. ‘स्मृतिचित्रे’ही त्यांनी साठीच्या आसपास लिहिली. ‘ख्रिस्तायन’ १९३८ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा त्या हयात नव्हत्या.

आणि ज्या मस्कतमध्ये आम्ही हे पाहिले, तेथेच १८९१ साली लाहोरचे पहिले बिशप टॉमस व्हॅल्पी फ्रेंच वयाच्या ६६व्या वर्षी सेवेसाठी आले होते. काही महिन्यांतच तेथे त्यांचा अंत झाला. त्यांची कबर तेथेच आहे.

आमच्या बेटावर गिरमिटावर आलेल्या पूर्वजांतही तरुणच अधिक होते. आजी-आजोबा मागे गावीच राहिले होते. म्हणून त्या लहान मुलीकडे पाहून आम्हांला राहवले नाही. धर्म कोणताही असो, घरात पिकले पान असेल तर त्याच्यापाशी रोज घटकाभर बसावे. ते बोलेल ते ऐकावे, पाठ करावे. परतीचे तिकीट तर प्रत्येकाचेच काढलेले असते.

आजी गेल्या त्या सकाळी दारात उभ्या असलेल्या नातीने स्तोत्राच्या चार ओळी न चुकता म्हणून दाखवल्या. आजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोटारीत बसल्या.