आहारनियमनानंतरची वजनवाढ आणि आयुर्वेदातील क्रमविचार

प्रस्तावना :
इ.स. २०१८ च्या सुमारास डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दिवसातून दोनदा जेवण्याची पद्धती महाराष्ट्रात घरोघरी पोहोचली आणि वजन हा प्राध्यापकांच्या कक्षातीलही नित्याचा विषय बनला. मात्र कोणत्याही पद्धतीने घटविलेले वजन टिकविणे हे ते घटविण्यापेक्षा अवघड असते. वजन पुन्हा वाढले की दोष मनोनिग्रहाला दिला जातो. तो कितपत न्याय्य आहे आणि आयुर्वेदात याविषयी कोणता विचार आढळतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वजन का परतते?
वजन घटताच शरीर ऊर्जेचा खर्च कमी करते. चरबीच्या पेशींतून स्रवणारे, तृप्तीचा संदेश देणारे लेप्टिन घटते, तर भूक वाढविणारे घ्रेलिन वाढते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहा आठवड्यांच्या अत्यल्प आहारानंतर झालेले असे बदल वर्षभरानंतरही टिकून असल्याचे दिसले. म्हणजेच हा केवळ इच्छाशक्तीचा पराभव नव्हे.

चरकसंहितेतील विचार :
सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात स्थौल्याची चिकित्सा आहे. मेदाने मार्ग रोखल्यामुळे वायू कोष्ठात संचार करून अग्नी प्रदीप्त करतो व भूक वाढते, असे तेथे म्हटले आहे. म्हणून केवळ उपवास न सांगता पचावयास जड परंतु पोषणाने हलका आहार सुचविला आहे. त्यात जव, ज्वारी, मूग व कुळीथ यांचा समावेश होतो. आपल्याकडील ज्वारीची भाकरी आणि हुलग्याचे माडगे या विचाराशी जुळणारे आहेत. व्यायामही क्रमाक्रमाने वाढवावा, असे चरक सांगतात.

सातव्या अध्यायातील पादांशिक क्रम येथे विशेष महत्त्वाचा आहे. अहितकर सवय एकदम न सोडता एकेक अंशाने सोडावी व तेवढ्याच अंशाने हितकर सवय स्वीकारावी. क्रमाने गेलेले दोष पुन्हा उद्भवत नाहीत, हे त्याचे सार होय. शोधनानंतरच्या संसर्जन क्रमातही पेया, विलेपी, यूष अशा पायऱ्यांनीच नेहमीच्या आहाराकडे परतावयाचे असते. हा क्रम मुळात पंचकर्मासाठी आहे. तथापि, त्यातील तत्त्व आहारनियमन संपविताना मार्गदर्शक ठरू शकते.

मर्यादा :
पारंपरिक म्हणजे निर्धोक, असे समीकरण मांडता येत नाही. कोरियन वैद्यकात वजन घटविणाऱ्या काही काढ्यांत एफेड्रा ही वनस्पती वापरतात. तिच्यामुळे रक्तदाब व हृदयगती वाढू शकते. अमेरिकेने २००४ मध्ये एफेड्रायुक्त पूरक आहारावर बंदी घातली. मधुमेह वा हृदयविकार असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय आहारात मोठे बदल करू नयेत.

निष्कर्ष :
वजनवाढ रोखण्याचा प्रश्न आहारनियमन संपल्यावर नव्हे, तर ते आखतानाच विचारात घेतला पाहिजे. जी दिनचर्या परीक्षांच्या व सणासुदीच्या काळातही पाळता येईल, तीच टिकते. पुन्हा वजन वाढलेल्या सहकाऱ्याला उपहासाची नव्हे, अशा क्रमाची गरज असते.