पवनचक्कीखालचा निर्धास्त सरडा

साताऱ्याहून ठोसेघरचा धबधबा पाहायला गेलेली मंडळी पुढे चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, हमखास थांबतात. पवनचक्क्यांसोबत फोटो काढायचा असतो. सगळ्यांच्या माना वर, त्यामुळे पायाशी जांभ्यावर बसलेला सरडा कुणाला दिसत नाही. विणीच्या काळात याचा नर गळ्याखालचा निळा, काळा, नारिंगी पडदा उघडून मिरवतो. एवढा देखणा प्राणी, पण वेगळी प्रजाती म्हणून त्याची नोंद झाली ती थेट २०१६ मध्ये, ‘सारडा सुपर्बा’ या नावानं. पवनचक्क्या त्याच्या कितीतरी आधीपासून तिथं फिरत होत्या.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सड्याचा अभ्यास केला. चक्क्या असलेला भाग आणि शेजारचाच, तसाच, पण चक्क्या नसलेला भाग त्यांनी ताडून पाहिला. २०१८ मध्ये ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’मध्ये निष्कर्ष आले. चक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट होते. चक्क्यांखाली ते फारसे फिरकतच नव्हते आणि त्यामुळे सरडे वाढले होते. भीती गेल्यानं त्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक उतरलं होतं, माणूस पार जवळ आला तरी ते हलत नव्हते, नरांच्या गळ्यावरचे रंगही फिके पडले होते. पक्षी पात्यांना धडकून मरतात एवढंच आपण ऐकून असतो. इथं अन्नसाखळीत सगळ्यात वर जणू एक नवा शिकारी येऊन बसला होता. हा शिकारी कुणाला खात नाही, तरी त्याच्या नुसत्या असण्यानं खालची सगळी गणितं बदलतात.

हे वाचून कोळशाच्या बाजूचे लोक खूश होतात. “बघा, तुमची हरित ऊर्जा!” त्यांनी एकदा चंद्रपूरला जाऊन यावं. खुल्या खाणींचे खड्डे, मातीचे डोंगर, २,९२० मेगावॉटचं वीजकेंद्र आणि राख. भारतीय कोळशात तीस ते पंचेचाळीस टक्के राखच असते. म्हणजे शंभर टन कोळसा जाळला, की तीस टनांहून अधिक राखेचं काय करायचं हा प्रश्न उरतोच. तिच्या विटा होतात, ती सिमेंटमध्ये जाते, धुरातला गंधकही यंत्रणा बसवून पकडता येतो. तशी मानकं २०१५ मध्येच आली, मग मुदती वाढत गेल्या, हा भाग वेगळा. पण कार्बनचं काय? बारा किलो कार्बन जळताना हवेतला बत्तीस किलो ऑक्सिजन घेतो आणि चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड होतो. हे रसायनशास्त्र आहे, इथं व्यवस्थापन सुधारून भागत नाही. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या (आयपीसीसी) २०१४ च्या अहवालानुसार एका युनिटमागे कोळशाचं उत्सर्जन साधारण ८२० ग्रॅम, मोठ्या सौर प्रकल्पाचं ४८ आणि जमिनीवरच्या पवनचक्कीचं ११ ग्रॅम. पॅनेल आणि पाती बनवताना झालेलं उत्सर्जनही यात धरलेलं आहे.

मला महत्त्वाचा वाटतो तो फरक हा: कोळशाचं मुख्य नुकसान जळण्यातच आहे, केंद्र कुठंही हलवा, ते होणारच. वारा आणि उन्हाचं नुकसान मात्र बरंचसं जागेवर ठरतं. राजस्थानातल्या माळढोकाचं उदाहरण घ्या. हा जड पक्षी, डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, समोरचं त्याला फार कमी दिसतं. तार दिसली तरी ऐनवेळी वळणं जमत नाही. सौर आणि पवन प्रकल्पांची वीज नेणाऱ्या तारा त्याच्याच उरल्यासुरल्या मुलखातून गेल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. तारा भूमिगत करण्याचा आदेश २०२१ मध्ये आला, २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञ समिती नेमली गेली. हीच पॅनेलं गोदामांच्या छपरांवर असती तर हा वाद उभाच राहिला नसता.

मग जागा चुकते कुठं? सरकारी नकाशात. झाडं नाहीत म्हणून सडे आणि गवताळ माळ ‘पडीक’ धरले जातात, आणि पडीक जमीन प्रकल्पाला द्यायला कुणाचा जीव जात नाही. प्रत्यक्षात तिथं लांडगे असतात, धनगरांच्या मेंढ्या चरतात, पावसाळ्यात सड्यावर फुलांचे ताटवे उमलतात. त्यातून २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेत पवन आणि सौर प्रकल्प येतच नाहीत. औष्णिक केंद्रासाठी जनसुनावणी लागते, सड्यावर शंभर चक्क्या उभारायला ती लागत नाही. ‘हरित’ म्हटल्यावर तपासायचं काय, असा हिशेब असावा.

सगळ्या प्रकल्पांना सरसकट जनसुनावणी लावली तर छपरावरची पॅनेलंही अडकतील आणि कोळशाचंच फावेल. सडे, माळरानं आणि पक्ष्यांचे मार्ग एवढ्यापुरती तरी आधी पाहणी सक्तीची करायला काय हरकत आहे? पाहणी निदान वर्षभराची हवी, कारण एप्रिलमधला सडा बघून ऑगस्टमधल्या सड्याचा अंदाज येत नाही.