तिशी उलटली म्हणून अर्जच भरला नाही?

"आता काय, वय निघून गेलं!" तिशीतल्या कुणी सरकारी भरतीचं नाव काढलं की घरातलं एक तरी माणूस हे ऐकवतंच. पुरावा काय, तर अमक्या काकांचं तसंच झालं होतं. काकांचं झालं असेल. पण सामान्य प्रशासन विभागाच्या २५ एप्रिल २०१६ च्या शासन निर्णयाने राज्य सेवेतली कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३३ वरून ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ३८ वरून ४३ केली. दिव्यांगांना ४५ पर्यंत मुभा आहे. म्हणजे पस्तिशीतली, दोन मुलांची आईसुद्धा राज्यसेवेचा अर्ज खुशाल भरू शकते. इतकी वर्षं झाली, तरी तो जुना ३३ चा आकडा लोकांच्या डोक्यातून हलत नाही!

घोळ होतो तो वर्दीमुळे. पोलीस शिपाई भरतीत मर्यादा खुल्या प्रवर्गाला २८, मागासवर्गीयांना ३३. फौजदारकीला ३१ आणि ३४. गावाकडे भरती म्हटलं की पहाटे मैदानावर धावणारी पोरंच दिसतात, मग तिथलाच आकडा तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांना चिकटवला जातो. त्यात यूपीएससी नागरी सेवेचा हिशेब आणखी वेगळा: खुल्यांना ३२, ओबीसींना ३५, अनुसूचित जाती-जमातींना ३७. हे सगळं एकत्र कालवायचं आणि वर दुसऱ्याला सल्ला द्यायचा, याला काय म्हणावं?

वय परीक्षेच्या दिवशी मोजतात, हाही गैरसमजच. जाहिरातीत त्यासाठी ठरावीक दिनांक दिलेला असतो. यूपीएससीत तो परीक्षेच्या वर्षाचा १ ऑगस्ट. खुल्या गटातला जो उमेदवार २ ऑगस्टला ३२ पूर्ण करतो तो बसतो. १ ऑगस्टला करतो तो बाद.

"एमपीएससीला सहाच संधी." ती मर्यादा २०२० मध्ये जाहीर झाली आणि २०२२ मध्ये मागेही घेतली गेली.

"उशिरा लागून उपयोग काय?" राज्यात बहुतेक पदांचं निवृत्तीचं वय ५८ आहे. बेचाळिसाव्या वर्षी रुजू झालात तरी सोळा वर्षं नोकरी होते.

"वय कमी करून देतो," म्हणणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवा. जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र पाहतात.

तेव्हा काकांना विचारण्याआधी जाहिरात उघडा आणि वयोमर्यादेचा तक्ता तळटीपांसकट वाचा.