गर्दी नसते तेव्हा

थीम पार्कला बिगरहंगामात जावं, रांगा छोट्या आणि तिकीट स्वस्त, हा सल्ला अर्धाच खरा आहे. खोपोलीजवळचं, २०१३ साली सुरू झालेलं इमॅजिका घ्या. जुलैतल्या मंगळवारी तिथे मे महिन्यासारखी झुंबड नसते, पण घाटपायथ्याचा पाऊस असतो. विजा कडाडू लागल्या की ‘नायट्रो’सारखी उघड्यावरची उंच राइड थांबवावीच लागते, छपराखालची ‘डीप स्पेस’ तेवढी निर्धास्त. रांगेचं गणितही सरळ नाही. माणसं रोडावली की अनेक पार्क एका रोलर कोस्टरवर दोनऐवजी एकच गाडी सोडतात. म्हणजे गर्दी निम्मी झाली तरी ताटकळणं निम्मं होईलच असं नाही. मोठ्या दुरुस्त्याही याच दिवसांत निघतात.

तिकिटाचे पैसे तर वाचले, असं कुणी म्हणेल. वाचले खरे, पण गाडीभाडं आणि जेवण तेवढंच पडतं. हिशोब करायचा तो प्रत्यक्ष मिळालेल्या राइडींवर. शिवाय डिसेंबरात शाळांच्या सहली बसगणिक उतरतात, त्यामुळे आडवारही मोकळा नसतो. त्यापेक्षा फेब्रुवारी-मार्चमधले परीक्षांचे दिवस बरे: पाऊस नाही, सहली नाहीत. अर्थात, घरात दहावी-बारावीचं कुणी नसेल तर.