लॉकेटमध्ये रंगीत खडा बसवून घेताय? सोनाराकडे जाण्याआधी हे वाचा

लग्नसराई आली की घराघरात सोन्याचा विषय निघतो. आईची जुनी मोड द्यायची, त्यात थोडी भर घालायची आणि मुलीला मनासारखं लॉकेट घडवून घ्यायचं. हल्ली मोबाईलवर डिझाईन बघून लाल, हिरवा किंवा निळा खडा बसवायची हौसही वाढली आहे. हौस चांगलीच आहे. पण बहुतेकजण फक्त रंग बघतात आणि पैसे तिथेच जातात. सोन्याचा भाव सगळ्यांना माहीत असतो, खड्याचा मात्र कुणालाच नसतो.

एक रंग, अनेक खडे

पिवळ्या खड्याचंच घ्या. पुष्कराज, टोपाझ आणि सुनेला हे तिन्ही पिवळे असू शकतात. काचेआड ठेवले तर साध्या डोळ्यांना फरक कळत नाही, किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. लाल रंगात माणिक, गार्नेट आणि साधी काच असं काहीही निघू शकतं. म्हणून "लाल खडा दाखवा" असं न म्हणता "हा खडा नेमका कोणता?" असं विचारा.

माणिक खाणीतलं असतं तसंच कारखान्यात बनवलेलंही असतं. बनवलेलं माणिक स्वस्त आणि टिकाऊ असतं, ते घ्यायला हरकत नाही. फक्त पैसे खाणीतल्या माणकाचे देऊ नका. तिसरा प्रकार जास्त फसवा आहे. भेगाळलेल्या हलक्या माणकात काच भरून ते चमकवतात. असा खडा सोनाराच्या ज्योतीने किंवा तेजाबाने खराब होतो. पुढे लॉकेट दुरुस्तीला दिलं की खड्याचं खरं रूप बाहेर येतं.

दुधात खडा टाकून बघणं वगैरे परीक्षांवर विसंबू नका, त्यातून काही सिद्ध होत नाही. महागाचा खडा असेल तर रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचं सर्टिफिकेट मागा. राशीचा खडा घालायचा की नाही हा ज्याचा त्याचा विश्वास, पण खडा कोणता हे दोन्हीकडे कळायलाच हवं.

रोज घालणार की सणावाराला?

खड्याचा कठीणपणा 1 ते 10 या मापात सांगतात. हिरा 10, माणिक, नीलम आणि पुष्कराज 9, टोपाझ 8, पाचू साधारण साडेसात ते आठ, जांभळा ॲमेथिस्ट आणि सुनेला 7. पोवळं आणि मोती चारच्या आसपास किंवा त्याहून खाली.

आपल्याकडच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि त्यांचा कठीणपणा 7 असतो. त्याहून मऊ खडा रोज पुसला तरी हळूहळू त्याची चमक जाते. शेतात, गोठ्यात काम करताना गळ्यात राहणार असेल तर 7 च्या वरचा खडा बरा. मोती-पोवळ्याला घाम, अत्तर, लिंबूरस चालत नाही, ते कार्यक्रमापुरतं घाला. पाचूच्या बारीक भेगा बहुतेक वेळा तेलाने भरलेल्या असतात, म्हणून गरम पाण्यात किंवा मशीनमध्ये धुऊ नका, ओल्या फडक्याने पुसा. अशा नाजूक खड्याला चार काट्यांपेक्षा चहूबाजूंनी सोन्याची कड असलेली बैठक चांगली.

खरा घोळ वजनात

सोन्याचा कॅरेट म्हणजे शुद्धता, खड्याचा कॅरेट म्हणजे वजन. 5 कॅरेट म्हणजे 1 ग्रॅम. समजा लॉकेट 6 ग्रॅम भरलं आणि खडा 5 कॅरेटचा आहे. म्हणजे सोनं 5 ग्रॅमच. बिल 6 ग्रॅम सोन्याचं लावलं तर खड्याचे पैसे वेगळे देऊन वर एक ग्रॅम सोन्याचे पैसेही गेले! आजचा भाव बघून हिशेब करा.

हॉलमार्कबद्दलही एक गैरसमज आहे. तो शिक्का फक्त सोन्याची शुद्धता सांगतो, खड्याची नाही. दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी नंबर 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून सोनं तपासता येतं.

ऑर्डर देताना एवढं करा

- आधी खडा ठरवा, मग त्याच्या मापाने लॉकेट घडवायला सांगा.
- सुटा खडा समोर वजन करून घ्या, काट्यावरच्या आकड्यासह मोबाईलमध्ये फोटो काढा.
- वजन कॅरेटमध्ये लिहून घ्या. रत्तीचं माप सगळीकडे सारखं नसतं.
- बिलावर सोन्याचं निव्वळ वजन, खड्याचं नाव, वजन आणि किंमत, घडणावळ हे सगळं वेगवेगळं लिहायला सांगा.
- खडा खाणीतला की बनवलेला, त्यात काही भरलंय का, हेही बिलावर हवं.
- मोडीत देताना खड्याचे किती पैसे परत मिळतील, हे आधीच विचारा. बऱ्याचदा उत्तर "काहीच नाही" असं असतं.

शेवटचं उत्तर ऐकून बजेट ठरवा. अडीअडचणीला मोडता येईल ते सोनं, खडा ही हौस. हौसेला किती घालायचे ते आपलं आपण ठरवायचं.

ओळखीचा सोनार आहे म्हणून बिल मागायला लाजू नका. पक्कं बिल असेल तर फसवणुकीची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन 1915 वर करता येते. बिलच नसेल तर तक्रार पटवून देणं अवघड जातं.