अजगराची भूक आणि अजगराचं भय

पावसाळ्यात अकोल्याच्या जठारपेठेत कुणाच्या कंपाउंडच्या भिंतीशी जाडजूड, ठिपक्यांचा साप निघाला की गर्दीतून कुणीतरी म्हणतंच, "अजगराचं पिल्लू हाय, इख नाई त्याले." तिथेच उभ्या असलेल्या पोरांनी मोबाइलवर गळ्यात अजगर घेऊन हसणारी माणसं पाहिलेली असतात. त्यातून दोन समज घट्ट बसलेत. एक, अजगर म्हणजे सुस्त, गरीब प्राणी. दुसरा, तो चावलाच तर चिडून चावतो. दोन्ही चुकीचे आहेत, आणि दुसरा जास्त धोक्याचा आहे.

अजगर दोन अगदी वेगळ्या कारणांनी झेप घेतो: भूक आणि भय. पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं, कारण मान नागमोडी आखडून पुढे फेकणं दोन्हीत असतं. पण त्याआधी आणि त्यानंतर जे घडतं, ते वेगळं असतं.

भुकेच्या झेपेआधी फूत्कार नसतो. अजगर दबा धरून शिकार करतो, आणि दबा धरणारा इशारा देत नाही. डोकं स्थिर, जीभ संथपणे आत-बाहेर, नजर एकाच जागी. जिभेवर आलेला वास टाळूतल्या खास इंद्रियाकडे जातो. ओठांवरच्या बारीक खळग्यांतून समोरच्याच्या अंगाची ऊब कळते, तीही अंधारात. वास, ऊब आणि हालचाल जुळली की झेप होते. दात मागे वळलेले असल्यामुळे पकड सुटत नाही आणि क्षणार्धात वेटोळी पडतात. उंदीर किंवा कोंबडी हाताळून तोच हात पिंजऱ्यात घालणाऱ्या माणसाला म्हणूनच चावा बसतो. उबदार, हलणारा आणि उंदराचा वास असलेला हात अजगराच्या लेखी भक्ष्यच असतो. त्यात राग नसतो, धन्याशी बेइमानीही नसते.

भयाचा चावा बहुधा सांगून येतो. अंग फुगतं, जोरात फूत्कार येतो, मान मागे ओढली जाते. मग झेप येते आणि बहुतेक वेळा लगेच सुटते. त्याला समोरचा दूर हवा असतो, पोटात नको असतो. आफ्रिकेतला छोटा बॉल पायथन तर चावण्याऐवजी डोकं मधोमध लपवून अंगाचा चेंडू करतो. त्यावर लोक कौतुकाने म्हणतात, "बघा, कसा लाडात आलाय." तो घाबरलेला असतो. गळ्यात टाकलेला अजगर घट्ट होतो, तेही मिठी मारायला नाही. पडू नये म्हणून तो आधार धरत असतो. सवयीने साप शांत राहायला शिकतो, हे खरं आहे. त्या शांतपणाला माया म्हणायला मात्र आधार नाही.

पाळलेला अजगर खाणं सोडून माणसाच्या शेजारी सरळ लांब पडून त्याला "मापतो" आणि मग गिळतो, ही गोष्ट सगळीकडे फिरते. दबा धरणाऱ्या प्राण्याला मोजमापाला सवडच नसते. पाळलेल्या अजगराने महिनाभर खाल्लं नाही, तर कारण साधंच असू शकतं: कात टाकायची वेळ, विणीचा हंगाम किंवा चुकलेलं तापमान. पिंजऱ्यात एका बाजूला साधारण ३१-३२ अंश आणि दुसऱ्या बाजूला २५-२६ अंश ठेवावे लागतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जाणाऱ्या अकोल्यात कूलरच्या भरवशावर हे जमवणं फार कठीण. माणूस गिळल्याच्या खात्रीच्या घटना आहेत, पण २०१७ आणि २०१८ मधल्या अशा घटना इंडोनेशियातल्या सुलावेसी भागातल्या. तिथला जाळीदार अजगर वेगळ्या जातीचा आहे आणि महाराष्ट्रात आढळत नाही.

अजगर हाडं मोडून किंवा श्वास कोंडून मारतो, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण अमेरिकेतल्या डिकिन्सन कॉलेजच्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बोआ सापाने आवळलेल्या उंदरांचा रक्तदाब मोजला. वेटोळी पडताच काही सेकंदांत रक्ताभिसरण कोसळत होतं. त्याच कॉलेजच्या २०१२ च्या अभ्यासात असंही दिसलं, की बोआला भक्ष्याच्या हृदयाचे ठोके जाणवतात आणि ठोके थांबले की तो पकड लवकर सोडतो. बोआ अजगराच्या कुळातला नाही, पण आवळण्याची रीत तीच आहे. म्हणूनच मोठा अजगर एकट्याने हाताळू नये. हाताला पकड बसली तर हिसडा मारू नका. मागे वळलेल्या दातांनी जखम फाटते. दुसऱ्या माणसाने शेपटीकडून वेटोळी उलगडावीत, तोंडावर थंड पाणी ओतावं. विष नसलं तरी जखम साबणाने धुऊन डॉक्टरकडे जायलाच हवं.

भयाचं आणखी एक रूप वऱ्हाडात वारंवार दिसतं, आणि त्याचा अर्थ हटकून चुकीचा लावला जातो. धुऱ्यावर किंवा नाल्याकाठी अजगराने बकरीचं पिल्लू गिळलेलं असतं. गाव जमतं, काठ्या टोचल्या जातात, शेपटी ओढली जाते. अजगर भक्ष्य ओकून टाकतो, आणि गर्दी म्हणते, "पचलं नाई त्याले." खरं तर तो पळता यावं म्हणून पोट हलकं करत असतो. या ओकण्याची किंमत किती मोठी असते, ते आपल्या अजगराच्या जवळच्या नात्यातल्या बर्मी अजगरात मोजलं गेलंय. मोठं भक्ष्य गिळल्यावर दोन-तीन दिवसांत त्याच्या हृदयाचं वजन सुमारे ४० टक्क्यांनी वाढतं, आतडंही जाड होतं. एका जेवणासाठी शरीर इतकी उलथापालथ करत असताना ते जेवणच टाकायला लावणं म्हणजे त्याला बेजार करणं आहे. पिल्लू मेलेलंच असतं, ते परत मिळत नाही. पाळलेल्या अजगरालाही खाल्ल्यावर निदान दोन दिवस हात लावू नये, ते याचसाठी.

मादी अंड्यांभोवती वेटोळं करून सुमारे दोन महिने बसते, स्नायू थरथरवून अंड्यांना ऊब देते. या काळात ती सहसा खात नाही. तेव्हा तिने घेतलेली झेप निव्वळ रक्षणाची असते. तिथून मागे सरकलं की पुरतं.

आता "पाळीव" या शब्दाबद्दल. आपला भारतीय अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो घरात ठेवणं, गळ्यात घालून फोटो काढणं, पकडून दुसरीकडे नेणं हा गुन्हा आहे आणि त्याला तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. "आम्ही त्याला जीवदान दिलं" ही सबब चालत नाही. बॉल पायथनसारख्या परदेशी जातीही मोकळ्या नाहीत. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. विकणारा "कागद लागत नाहीत" म्हणत असेल तर तो खोटं बोलतोय.

राहिला जठारपेठेतल्या भिंतीशी निघालेला तो साप. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते, कारण अजगराचं पिल्लू समजून लोक हात घालतात तो पुष्कळदा घोणस असतो, वऱ्हाडातली परड. घोणस घाबरली की कुकरच्या शिट्टीसारखा लांब फूत्कार टाकते, अंग नागमोडी आखडते आणि विजेच्या वेगाने चावते. हा भयाचाच चावा, पण यात विष असतं. तिच्या पाठीवर कड असलेल्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन सरळ ओळी असतात. अजगराचे डाग मोठे, वेडेवाकडे असतात आणि डोक्यावर बाणासारखी खूण असते. पण अंधारात, कुटाराच्या ढिगात किंवा विटांआड ठिपके मोजायला कुणी वाकू नये. लहान मुलांना मागे घ्या, सापावर दुरून नजर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. चावा बसलाच असेल तर साप ओळखत, पकडत बसू नका. जखम कापू-चोखू नका, चावा बसलेला हात किंवा पाय न हलवता थेट सरकारी रुग्णालय गाठा. घोणशीच्या विषावरचं प्रतिविष तिथे मिळतं.