लॅपटॉपची वायफायवरची ओळख

रेल्वे स्टेशनवर किंवा कॉफीच्या दुकानात लॅपटॉप वायफायला जोडताना पासवर्डच्याही आधी तो एक क्रमांक राउटरला सांगतो. 'मॅक ॲड्रेस' नावाचा हा ४८ बिटांचा क्रमांक कारखान्यातच वायफाय चिपमध्ये भरलेला असतो. दूरच्या वेबसाइटला तो दिसत नाही. पण जिथले वायफाय वापरले तिथे त्याची नोंद राहू शकते. एकाच कंपनीचे वायफाय अनेक ठिकाणी असेल, तर अमुक लॅपटॉप सोमवारी कुठे होता आणि गुरुवारी कुठे, हे नाव न विचारताही तिला जुळवता येते.

मोबाइलने यावर आधीच उपाय केला. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनावट क्रमांक देतो. लिनक्सवर नेटवर्क सांभाळणाऱ्या 'नेटवर्कमॅनेजर' या सॉफ्टवेअरमध्ये २०१६ पासून ही सोय आहे. मात्र डीफॉल्ट बनावट क्रमांक फक्त आसपासची नेटवर्क शोधताना वापरला जाई. जोडणी झाली की खरा क्रमांक पुढे! सेटिंग उघडून ते बदलणारे थोडेच. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या 'फेडोरा ४०'ने हे डीफॉल्टच बदलले.

दर वेळी नवा क्रमांक का नाही? कारण अनेक वसतिगृहे आणि कार्यालये क्रमांक नोंदवूनच प्रवेश देतात. क्रमांक रोज बदलला तर विद्यार्थी रोज दाराबाहेर. म्हणून फेडोराने मधला मार्ग निवडला: वायफायच्या नावावरून क्रमांक तयार होतो, त्यामुळे त्या नेटवर्कवर तो कायम तोच राहतो आणि दुसऱ्या नावाच्या नेटवर्कवर वेगळा असतो. यातली फट उघड आहे. एखाद्या दुकानसाखळीने सर्व शाखांत वायफायला एकच नाव दिले, तर लॅपटॉप सगळीकडे सारखाच ओळखू येतो.

ज्यांच्या लिनक्समध्ये जुनेच डीफॉल्ट आहे आणि 'ग्नोम' डेस्कटॉप आहे, त्यांनी त्या वायफायच्या सेटिंगमधील 'आयडेंटिटी' टॅब उघडून 'क्लोन्ड ॲड्रेस'समोर 'स्टेबल' निवडावे. आणखी एक डीफॉल्ट मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आयपी पत्ता मागताना नेटवर्कमॅनेजर संगणकाचे नावही राउटरला कळवतो. अनेकजण लॅपटॉपला हौसेने स्वतःचेच नाव देतात; मग बनावट क्रमांकाच्या शेजारी खरे नाव दिसते. ते बदलून नुसते 'लॅपटॉप' ठेवले तरी भागते.